चेंडू जमिनीला लागेपर्यंत

जावई अमेरिकन आहे हे कळल्यावर बायकोला त्याच्या खाण्याची काळजी लागली आणि मला बोलण्याची. तिची काळजी पाच मिनिटांत मिटली. लेक फोनवर म्हणाली, "तो सगळं खातो मम्मी. ठेचा तर मागून घेतो." माझी मात्र मिटेना. लग्न त्यांनी तिकडेच केलं. आम्ही दोघं इथे नाशकात, टीव्हीला मोबाइल जोडून, नटूनथटून सोफ्यावर बसलो होतो. मी तर बूटसुद्धा घातले होते. त्यानंतर दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. मी जावयाला विचारायचो, "हाऊ इज वेदर?" तो सांगायचा. मग तो मला विचारायचा, आणि मीही सांगायचो. चार-सहा महिन्यांत त्याच्या गावच्या हवेचा मी जाणकार झालो. त्याच्याबद्दल मात्र मला उंचीपलीकडे काही माहीत नव्हतं.

शेवटी लेकच वैतागली. "पप्पा, तुम्ही आयुष्यभर पीटी शिकवली, कबड्डीचे पंच होतात. त्याच्याशी खेळाबद्दल बोला ना. तो फुटबॉल खेळायचा. आपला नाही, तिकडचा. कॉलेजात खेळला आणि नंतर..."

नंतर काय ते मी ऐकलंच नाही. फोन बायकोच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन अमेरिकन फुटबॉल शोधायला लागलो. मला विषय सापडला होता. तो दिवाळीत पहिल्यांदाच नाशकाला येणार होता, आणि तोवर मी त्या खेळातला दर्दी होऊन दाखवणार होतो.

सांगायला हवं की नियम हा माझा जुना रोग आहे. मला खेळ कमी दिसतो, नियम जास्त दिसतात. घरात कॅरम चालू असला तरी मी नियमावली बोलायला लागतो, म्हणून मला कोणी कॅरमला बसवत नाही. आणि नियम बदलले की मी चिडतो. कबड्डी मातीतून मॅटवर गेली तेव्हा विरोध करणाऱ्यांत मी पुढे होतो. एका सभेत 'मातीचा खेळ मातीतच' असं घसा फोडून बोललो, टाळ्या घेतल्या, आणि पुढच्याच हंगामात मॅटसाठीचे नवे बूट घालून पहिल्या सामन्याला पंच म्हणून उभा राहिलो. बूट छान होते.

तर अभ्यास सुरू झाला. तिकडचा हंगाम सुरू व्हायचा होता, तोवर रोज सकाळी मी जुने सामने लावायचो. मी चहा घेऊन बसायचो, बायको पेपर घेऊन बसायची. ती सिव्हिलमध्ये नर्स होती, आता निवृत्त आहे, आणि तिला माणसं पळण्यापेक्षा पडण्यात जास्त रस असतो. "हे खेळतात किती आणि उभे राहतात किती!" एवढंच ती पहिल्या दिवशी म्हणाली.

सगळा खेळ मला कळला नाही, आजही कळत नाही. पण एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे सुरुवातीची लाथ. सामना सुरू होताना आणि प्रत्येक वेळी कोणी गुण केल्यावर एक संघ लाथ मारून चेंडू लांब उडवतो. समोरच्या संघाचा एक गडी तो झेलतो आणि पुढे पळत सुटतो. पूर्वी काय व्हायचं, की लाथ मारणाऱ्या संघाचे बाकीचे दहा जण त्याला पकडायला अर्धं मैदान तोडत यायचे, झेलणाऱ्याचे साथीदार त्याच्यासमोर भिंत उभी करायचे, आणि दोन्ही बाजूंची धिप्पाड माणसं पूर्ण वेगात मधोमध आदळायची. मी जुने व्हिडिओ एकामागून एक पाहिले. अंगावर काटा यायचा. एका सकाळी बायकोने पेपर खाली केला.

"यांच्या डोक्याचं काय होत असेल हो?"

"हेल्मेट असतं की."

"हेल्मेट कवटीला असतं. मेंदू आतमध्ये हलतोच."

मी आवाज वाढवला.

मग हंगाम सुरू झाला. तिकडचा रविवारी रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी सकाळी लागतो, तसा मी पहिल्यांदा ताजा सामना लावला. लाथ मारणारा एकटाच मागे होता. त्याचे दहा जण आधीच पार पुढे, प्रतिस्पर्ध्यांच्या अगदी समोर जाऊन उभे. त्याने लाथ मारली, चेंडू हवेत गेला आणि मैदानावरचं कोणीच हललं नाही. मला वाटलं वायफाय अडकलं. मी उठून राउटर बंद केला, पुन्हा चालू केला. पुढच्या लाथेलाही तेच. चेंडू उडतोय आणि माणसं पुतळ्यासारखी उभी. केबलवाल्याला फोन करायच्या आधी, नशिबाने, मी जरा शोधाशोध केली. तेव्हा कळलं की नियमच बदललाय. चेंडू ठरलेल्या पट्ट्यात जमिनीला किंवा झेलणाऱ्याला लागेपर्यंत बाकी कोणी पाय उचलायचा नाही. डोक्याच्या दुखापती कमी व्हाव्यात म्हणून हे केलं होतं. शिवाय अलीकडे चेंडू सरळ मैदानापलीकडे मारून धावच टाळायची सवय लागली होती, तीही मोडायची होती.

आणखी एक होतं. पूर्वी एखादा संघ सगळ्यांना चकवून अचानक आखूड लाथ मारायचा आणि चेंडू स्वतःच पळवायचा. आता तसं करायचं तर पंचांना आधी सांगावं लागतं. म्हणजे गनिमी कावा करायचा, पण शत्रूला कळवून. माझं रक्त तापलं. ज्या खेळाचं नावही मी दोन महिन्यांपूर्वी घेतलं नव्हतं, त्याच्या परंपरेचा मी आता रखवालदार होतो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ते दोघं आले. जावई दारातून वाकून आत आला, बायकोला आणि मला वाकून नमस्कार केला, आणि उठताना त्याचं डोकं शोकेसला लागलं. बायको लगेच बर्फ आणायला गेली. तो हसत म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे." एवढं मराठी त्याला येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला आमच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेलं. लेकही आली. आमचा निवृत्तांचा एक कंपू आहे. दोन फेऱ्या चालायचं आणि तासभर बोलायचं, असा व्यायाम. त्यात मनमाडचे एक रेल्वेचे गार्ड आहेत, आयुष्यभर हिरवा-लाल झेंडा दाखवलेले. आणि वणीकडचे एक द्राक्षबागायतदार आहेत, बाग आता मुलगा बघतो, हे नातवंडांच्या शाळेसाठी शहरात राहतात. जावयाला बघून सगळे बाकावरून उठले. मी ओळख करून दिली आणि थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

इंग्रजी-मराठी मिसळून मी भाषण केलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये सुरुवातीची लाथ म्हणजे काय होती, रेड्यांच्या टकरीसारखी माणसं कशी भिडायची, ते हातवारे करून दाखवलं. "आणि आता?" मी म्हणालो, "आता नियम केलाय, चेंडू पडेपर्यंत हलू नका! अहो, लिंबू-चमचा झाला त्याचा. दोन-चार वर्षांत हे लोक सॉरी म्हणून पकड घालतील. मर्दानी खेळ होता, पार नासवला." मग जावयाकडे वळून विचारलं, "अॅम आय राइट?"

त्याने वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली. मग म्हणाला, "यू नो अ लॉट, पप्पा." बाकीच्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माझी छाती फुगली.

घरी येताना जावई पुढे चालत होता. लेकीने माझा दंड धरून मला मागे ओढलं.

"पप्पा, तुम्हाला मी फोनवर काय सांगत होते?"

"फुटबॉल खेळायचा म्हणून."

"आणि नंतर? तुम्ही फोन मम्मीकडे दिलात. मम्मीला मी सगळं सांगितलंय." ती खालच्या आवाजात, पण रागाने बोलत होती. "तो त्या पळत जाऊन आदळणाऱ्यांतला होता. तेच त्याचं काम होतं. एका मोठ्या संघाच्या सराव शिबिरात निवडला गेला होता, आणि तिथेच एका लाथेला डोक्याला मार बसला. कित्येक महिने त्याला उजेड सहन होत नव्हता. वाचलेलं ध्यानात राहायचं नाही. शिबिराचा तो अख्खा आठवडा त्याला अजून आठवत नाही. आमच्या घरी फुटबॉल लागत नाही पप्पा. कधीच."

मी म्हणालो, "मग मला कोणी सांगायचं नाही का?"

हे वाक्य तोंडातून गेल्यावर ते किती मूर्खपणाचं होतं ते मलाच कळलं. लेकीने माझा दंड सोडला आणि ती पुढे निघून गेली. घरी बायकोला विचारलं, तर ती भाजी निवडत म्हणाली, "रोज सकाळी तुम्ही ते व्हिडिओ लावत होतात, तेव्हा मी काय बोलत होते तुमच्याशी?"

दिवसभर मी माफीची वाक्यं जुळवत होतो. इंग्रजीत माफी मागणं मला जड जातं. शाळेत सुट्टीचे अर्ज शिकलो होतो, त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य 'आय बेग टू स्टेट' ने सुरू व्हायला लागलं. संध्याकाळी तो गॅलरीत एकटा बसला होता. मी गेलो, खुर्ची ओढली आणि म्हणालो, "आय... मॉर्निंग... आय टॉक टू मच."

"हो," तो मराठीत म्हणाला. मग हसला. मग इंग्रजीत, सावकाश, मला कळेल असं बोलला. "पप्पा, तुम्ही नवा नियम सांगितलात ते बरोबर सांगितलंत. मी तो कधी पाहिला नाहीये. फक्त वाचलाय. उद्या तुमच्या मित्रांबरोबर करून बघू या का?"

मी आत जाऊन चेंडू आणला. त्याच्यासाठी भेट म्हणून ऑनलाइन मागवला होता. त्याने तो हातात फिरवला आणि फार सभ्यपणे सांगितलं की हा रग्बीचा आहे.

दुसऱ्या सकाळी ट्रॅकशेजारच्या मोकळ्या जागेत आम्ही जमलो. पाण्याच्या बाटल्या आणि चपला ठेवून रेषा आखल्या. जावयाने सगळ्यांना समोरासमोर उभं केलं, दोन-दोन हात अंतरावर. मी मराठीत समजावत होतो. नियम ऐकून बागायतदार खूश झाले.

"सर, हे तर लय सोपं हाय. उभंच राहायचं ना? आमच्या गुडघ्यांसाठीच काढला म्हणायचा हा नियम."

झेलायला बागायतदार, लाथ मारायला गार्डसाहेब, कारण ते मनमाडला रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल खेळलेले. पंच अर्थातच मी. शिट्टी मी घरून आणली होती. जावई लाथ मारणाऱ्यांच्या रांगेत, एका निवृत्त तलाठ्यासमोर उभा होता. तलाठी त्याच्या छातीपर्यंत येत होते आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला होता.

मी शिट्टी मारली. गार्डसाहेबांनी, त्या वयाला शोभणार नाही अशी, जोरदार लाथ हाणली. चेंडू उंच गेला, वाकडा गेला, आणि कडेच्या कडुनिंबात जाऊन अडकला.

चेंडू जमिनीला लागेपर्यंत कोणी हलायचं नव्हतं. कोणी हललं नाही. सगळे हात पुढे करून, गुडघ्यात किंचित वाकून उभे होते आणि नजरा झाडावर. मी नियम आठवत होतो. झाडाबद्दल त्यात काही नव्हतं. चालायला आलेल्या बायका ट्रॅकवर थांबून बघायला लागल्या. त्यांना बहुतेक हा नवीन योगासनाचा प्रकार वाटला.

"सर," बागायतदार मान न हलवता म्हणाले, "जेवायला तरी सोडाल का?"

जावई सगळ्यात आधी फुटला. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "फाउल!" मी ओरडलो, कारण तो हलला होता. त्यावर कडेला उभी असलेली लेकही हसायला लागली. कोणीतरी लांब काठी आणून फांदी हलवली, चेंडू धपकन खाली पडला, आणि मग मात्र सगळेच सुटले. बागायतदारांनी चेंडू पोटाशी धरला आणि पळाले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पळाला. तलाठ्यांनी जावयाला अडवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. जावयाने त्यांना दोन्ही खांदे धरून अलगद बाजूला ठेवलं, चार ढांगांत बागायतदारांना गाठलं आणि कमरेत हात घालून, चेंडूसकट, लहान मुलासारखं उचललं.

"सोडा सोडा! मी दम घेतलेला हाय अजून!" बागायतदार हवेतून ओरडले आणि "कबड्डी कबड्डी" म्हणायला लागले.

दम घेऊन झाल्यावर सगळे चहाला गेले. जावई आणि मी बाकावर राहिलो. मी त्याला विचारलं, या वेळी खरोखरच जाणून घ्यायला, की या नियमाने तिकडचा खेळ बदलेल का.

तो म्हणाला की बदलतोयच. आता लाथेनंतर लोक चेंडू घेऊन पुन्हा धावू लागलेत, प्रशिक्षक त्यासाठी नवे डाव आखताहेत, लाथ मारणारे चेंडू वेडावाकडा उसळेल असा मारायला शिकताहेत. धावणं वाढलंय, त्यामुळे दुखापती एकूण किती टळतील ते अजून बघायचंय. पण लांबून भरधाव येऊन आदळणं गेलं.

"मग चांगलंच झालं," मी म्हणालो. कालचा भाषणबाज तोच मी.

त्याने चेंडूची शिवण नखाने खरवडली. "माझं डोकं वाचलं असतं. पण पप्पा, मला दुसरं काही येत नव्हतं. मी झेलण्यात चांगला नव्हतो, फेकण्यात नव्हतो. माझ्याहून मोठे आणि माझ्याहून चपळ असे दोन्ही खूप होते. मला एकच यायचं, लांबून पळत येऊन न घाबरता आदळायचं. हा नियम तेव्हा असता तर त्या शिबिरापर्यंत मी पोचलोच नसतो. मला कोणी निवडलंच नसतं."

"मग तुला कोणता नियम हवा होता?"

"सकाळी विचारलं तर एक सांगेन. संध्याकाळी दुसरा."

चाळीस वर्षं मी नियमांबद्दल मतं देत आलो, प्रत्येक नियमाला कोणीतरी आत येतं आणि कोणीतरी बाहेर राहतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद, असा नियम कबड्डीत आला तेव्हा आमच्या शाळेचा एक मुलगा, शांतपणे वेळ काढण्यात पटाईत, संघातून गळाला होता. मी त्याला म्हणालो होतो, नियम म्हणजे नियम.

सोमवारी सकाळी त्याने स्वतःच टीव्ही लावायला सांगितला. लेकीने त्याच्याकडे बघितलं, तो म्हणाला, बघू. आम्ही चौघं बसलो. लाथ झाली, सगळे थिजून उभे राहिले, चेंडू पडला, आणि झेलणारा त्या गर्दीतून वाट काढत निघाला तो थेट अर्ध्या मैदानापलीकडे. बायको "अगं बाई, सुटला!" म्हणून ओरडली. जावई पुढे सरकून बसला होता. तो पुढची लाथही बघायला थांबला आणि त्याच्या पुढचीही. मग मधल्याच एका साध्या खेळीत एक जण पडला आणि उठला नाही. डॉक्टर धावले. जावई उठून गॅलरीत गेला. लेक त्याच्यामागे गेली. मी रिमोट हातात धरून बसलो. बायकोने तो काढून घेतला आणि टीव्ही बंद केला.

ते परत गेल्यावर महिनाभराने सिडकोत मुलींचे कबड्डीचे आंतरशालेय सामने होते. पंच कमी पडले म्हणून मला बोलावलं. अंतिम सामना, शेवटची काही मिनिटं, दोन्ही संघ बरोबरीत. एक मुलगी चढाईला गेली, पकडीत तिचं कपाळ दुसरीच्या गुडघ्यावर आपटलं. ती उठून उभी राहिली. "मी ठीक आहे सर," म्हणाली. पूर्वीचा मी असतो तर तोंडावर पाणी मारून खेळ चालू केला असता. त्या दिवशी मी शिट्टी फुंकली आणि तिला बाहेर बसवलं.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. तिच्या शाळेची पीटीची बाई माझ्या अंगावर धावून आली, कोणता नियम, दाखवा, म्हणाली. माझ्यापाशी नियम नव्हता. मागून कोणीतरी ओरडलं, "घरी बसा आता!" त्या मुलीचा संघ एका गुणाने हरला. ती रडत होती. बायको सामना बघायला आलेली, ती तिच्याशेजारी जाऊन बसली, मोबाइलचा टॉर्च तिच्या डोळ्यांत मारला आणि विचारपूस सुरू केली. नाव काय, वार कोणता, कोणाशी सामना होता, गुण किती झाले. मुलगी हुंदके देत सगळं बरोबर सांगत होती.

"आणि तुला बाहेर कोणी काढलं?" बायकोने विचारलं.

मुलीने डोळे पुसून माझ्याकडे बोट केलं. "त्या टकल्या सरांनी."

"काही झालेलं नाही हिला," बायको मला म्हणाली. "एकदम शाबूत आहे."

मुलगी नाक ओढत उठली आणि माझ्यासमोरून, मान ताठ करून, आपल्या संघाकडे निघून गेली.